पत्र्यावरची वेल

म्हातारा राजा गेला त्या वर्षी नव्या राजाने आमचं गाव सरदाराला दिलं. लेखनिकाने तांब्याच्या पत्र्यावर शाईने दानलेख लिहून आणला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मला म्हणाला, “तुझ्या माहेरची विणकरवस्ती दानातून वगळलीय, बाबांना सांग.” मी सांगितलं. मामंजी शाईवरून अक्षरं कोरायचे. वाचता आम्हाला येत नव्हतं. पत्रा उजेडात सरकवताना माझ्या ओल्या हाताने ती ओळ पुसली गेली. राजलेख बिघडवणाऱ्याचा हात तोडत. “सूनबाई, खाली रिकामं कसं?” “तेवढंच लिहिलंय, मामंजी.” “राजाची शाई आटली वाटतं,” म्हणत त्यांनी तिथे वेल कोरली. महिन्याभरात सरदाराने वस्तीतली घरं पाडली. बाबा परगावी दुसऱ्याच्या मागावर राबून वारले. मामंजींना वेलीपायी राजवाड्यात काम मिळालं. आई माझ्याकडे राहिली. शब्द फिरवला म्हणून मरेपर्यंत राजाला शिव्या द्यायची. तिच्याबरोबर मीही द्यायचे.