परिच्छेद चार

“वरचा भाग दुमडलाय ना?” मसुदेकाकांनी सवयीने विचारलं आणि मान वर केली. दारात सुतार उभा होता.

नऊ वर्षांनी दिसला, तरी लगेच ओळखू आला. केस तेवढे पांढरे झाले होते.

“दुमडलाय, साहेब. तुमचा नियम ठाऊक आहे.”

नियम साऱ्या गल्लीला ठाऊक होता. मसुदेकाकांनी घरासाठी कर्ज देणाऱ्या कंपनीत एकवीस वर्षं पत्रांचे मसुदे लिहिले होते, आणि आता त्याच कंपनीची पत्रं ते लोकांना फुकट समजावून सांगत. आयुष्यभर गाठी मारल्या, आता सोडवत बसलोय, असं स्वतःच म्हणत. अट एकच. नाव आणि आकडे असलेला वरचा भाग दुमडून आणायचा. कुणाच्या डोक्यावर किती बोजा आहे, ते त्यांना बघायचंच नसे.

“बस,” ते म्हणाले. सुतार खुर्चीच्या कडेवर टेकला.

याच माणसाने त्यांची नोकरी खाल्ली होती. कंपनीचं फर्निचर करायचं काम याच्याकडे होतं. सागाच्या फळ्या कमी भरल्या, चौकशी बसली, तेव्हा याने बेधडक सांगून टाकलं की त्या फळ्यांचं कपाट मसुदेकाकांच्या घरी गेलं. कपाट कुठेच नव्हतं. पण संशय पुरेसा होता. निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना काकांना घरी बसवलं. पुढे वर्षभर ते मान खाली घालून भाजी आणायला जात.

“साहेब, तेव्हा माझ्याकडून जे झालं, त्याबद्दल…”

“तो विषय नको. पत्र दाखव.”

सुताराने पत्र पुढे केलं. “मधे चार महिने काम नव्हतं, त्यामुळे हप्ते राहिले. घरात दोन लहान मुलं आहेत. मोठ्या हौसेने घेतलंय घर. पण या पत्राचा काही केल्या अर्थ लागत नाही.”

काकांना वाचायची गरजच नव्हती. ‘परिच्छेद चारमधील विकल्प विहित मुदतीत लेखी न कळवल्यास परिच्छेद दोनमधील सवलत संपुष्टात आल्याचे समजून तारण मालमत्तेबाबत पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ वाक्य त्यांचंच होतं. नऊ वर्षांत कुणी त्यातला शब्दही हलवला नव्हता. अर्थ साधा होता. हप्ते कमी करून हवेत, असं मुदतीत लिहून कळवा. नाहीतर घर विकायला काढू. मुदतीची तारीख तळाशी होती. अजून अठरा दिवस.

एका ओळीच्या अर्जाने काम भागणार होतं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शिकार आपल्या पायांनी चालत आली होती.

“छापील पत्र आहे. सगळ्यांना जातं,” ते शांतपणे म्हणाले. “सवलत दिलीय, एवढंच कळवलंय.”

“मग उत्तर द्यायचं?”

“अजिबात नाही. उत्तर दिलं की फाईल उघडते आणि सवलत जाते. ड्रॉवरमध्ये टाकायचं आणि विसरून जायचं.”

“नक्की ना, साहेब? तुमच्या शब्दावर चाललंय सगळं.”

“हे पत्र माझ्याइतकं कुणाला कळत नाही,” काका म्हणाले. हे मात्र खरं होतं.

सुताराने हात जोडले आणि तो जिना उतरून गेला.

“एवढ्यात गेला? चहा तरी विचारायचा,” काकू बाहेर येत म्हणाल्या. “नीट सांगितलंत ना त्याला?”

“त्याच्या लायकीचं सांगितलं.”

काकू काही बोलणार होत्या, पण लेकीचा फोन आला आणि त्या आत गेल्या. बाप-लेकीचं तीन वर्षं बोलणं नव्हतं, त्यामुळे हे फोन आतल्या खोलीतच चालत.

पुढचे अठरा दिवस काकांना झकास गेले. भूक वाढली. आरशासमोर दाढी करताना शीळ वाजू लागली. मधे एकदा, फक्त एकदा, ती दोन लहान मुलं मनात आली. मग ते मान खाली घालून काढलेलं वर्ष आठवलं आणि मुलं मागे पडली.

एकोणिसाव्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सुताराचं दुकान गाठलं. उट्टं काढल्याचं समोरच्याला कळलं नाही, तर काय मजा?

सुतार रंधा मारत होता. त्यांना बघून त्याने लगबगीने स्टूल पुसलं.

“बसायला नाही आलो,” काका म्हणाले. “ते पत्र ठेवलं ना ड्रॉवरमध्ये?”

“तुम्ही सांगितलं तसंच.”

“खोटं सांगितलं होतं. एक ओळ लिहून दिली असती तर घर वाचलं असतं. काल मुदत संपली. आता अर्ज, विनंत्या, काही चालत नाही. ते कलम मी लिहिलंय आणि त्यात पळवाट ठेवलेली नाही. तू माझी नोकरी घालवलीस. मी घर घालवलं. फिटलं.”

सुताराचा चेहरा पांढराफटक पडला. नऊ वर्षं काका हाच चेहरा बघायला जगले होते. त्यांनी तो डोळे भरून बघितला.

“माझं कुठलं घर, साहेब?” सुताराने रंधा खाली ठेवला. “मी या दुकानाच्या माळ्यावर राहतो. तुमच्या लेकीकडे दार बसवायला गेलो होतो, तेव्हा ती ते पत्र हातात धरून रडत बसली होती. म्हणाली, माझं नाव कळलं तर ते हातसुद्धा लावणार नाहीत, पण विचारा त्यांनाच; बाबा पत्राचा अर्थ कधी कुणाला चुकीचा सांगत नाहीत.”