पारोळ्यापुढचा चौथा थांबा

पारोळं मागे पडलं आणि प्रेमराजने जीप पुन्हा रस्त्याच्या कडेला घेतली. धुळं सोडल्यापासून हा चौथा थांबा. त्याने बॉनेट उघडलं, तेल खाली उतरू दिलं आणि खांद्यावरचं फडकं हातात घेऊन इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली.

मागच्या सीटवर मृदंग मांडीशी धरून बसलेल्या नथ्थूचा धीर सुटला.

"बठ्ठं तेल तुना फडकालेच लागी जाई, भो. मंग इंजिनमा काय र्‍हाई?"

सगळं तेल फडकंच पिणार, या थट्टेवर प्रेमराज हसला नाही. पुढच्या सीटवर वनाजी महाराज डोळे मिटून बसले होते. दहाच्या ठोक्याला धरणगावात त्यांचं काल्याचं कीर्तन उभं राहायचं होतं. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी महाराजांना धुळ्याहून आणायची सेवा आधी प्रेमराजच्या वडिलांची, ते गेल्यावर त्याची. एकोणीस वर्षं खंड नाही. पण सप्ताहाचं सगळं बघणारे पंडितनाना काल चारचौघांत बोलून गेले होते, की जीप आता थकली. यंदा पाच मिनिटं जरी उशीर झाला, तर पुढच्या वर्षी सुपडूची नवी गाडी जाईल. सुपडूने तिथल्या तिथे मान डोलावली होती.

आणि नेमकं याच वर्षी इंजिनात घेवरचंदशेठच्या दुकानाचं तेल.

झालं असं, की शुक्रवारी तेल आणायला प्रेमराजची बायको यशोदाबाई गेली. नेहमीचा महागातला डबा संपला होता, सोमवारी येणार होता. शनिवारी घरात तेल आणायचं नाही, हा प्रेमराजच्या आईचा नेम. त्यातून डोक्याचं तेल सुटत नव्हतं, तसं इंजिनचंही नाही. रविवारी पहाटे तर निघायचं. तेव्हा शेठजींनी आपल्या दुकानाच्या नावाचे डबे पुढे केले. किंमत जवळजवळ निम्मी. यशोदाबाई कच्ची नव्हती. जुन्या डब्यावरचा तेलाच्या प्रतीचा नंबर तिने कागदावर उतरवून नेला होता. तो या डब्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि मगच डबे पिशवीत घातले.

डबे पाहून प्रेमराजने कपाळाला हात लावला. महाराज बसणार त्या गाडीत असलं तेल घालणं म्हणजे नैवेद्याला शिळं वाढणं, असं तो म्हणाला. नैवेद्यावर नंबर नसतो, यावर आहे, असं म्हणून यशोदाबाई भाकरी थापायला बसली.

दुसरा इलाज नव्हता. तेल त्याने घातलं, पण मनाशी एक पक्कं केलं. या तेलावर घटकाभरही विसंबायचं नाही. दर दहा-पंधरा किलोमीटरला थांबायचं, पट्टी पाहायची. कोणी हसो, कोणी रागावो. वेळेत पोचायचं आणि इंजिन जपूनच पोचायचं. येताना धुळ्याबाहेर पाहिलं, मुकटीला पाहिलं, पारोळ्यात पाहिलं. दरवेळी तेल वरच्या खुणेला टेकलेलं.

आता त्याने पट्टी पुसून आत घातली आणि बाहेर काढली. खालच्या खुणेच्याही खाली, अगदी टोकाला तेवढं तेल लागलं होतं.

नथ्थू खाली उतरून डोकावला. जळालं तुझं स्वस्तातलं तेल, असं म्हणत त्याने फोन काढला. अजून वेळ गेलेली नाही, सुपडूला बोलावू, महाराज तरी पोचतील. प्रेमराजने त्याच्या हातावर हात ठेवला. मग अंगातल्या पांढऱ्या सदऱ्याचा विचार न करता तो सरळ डांबरावर आडवा झाला आणि जीपखाली सरकला.

तेल जळालं नव्हतं. इंजिनच्या चेंबरखालच्या नटातून त्याची धार लागली होती. नट नुसत्या बोटांनी फिरत होता.

प्रेमराजला आठवलं. शुक्रवारी संध्याकाळी जुनं तेल काढून तो हाच नट बसवत होता आणि मंदिरातून मृदंगावर थाप ऐकू आली होती. कीर्तन सुरू होत होतं. नट हाताने आवळला, पाना नंतर मारू म्हणाला, हात धुतले आणि पळाला. कीर्तन असं रंगलं की पाना मनातून गेला तो गेलाच.

त्याने पाना मागितला. नथ्थूने तो खाली सरकवला. नट पक्का बसला, गळती थांबली. सीटखाली घेवरचंदशेठचा एक लिटरचा डबा उरला होता, तो सगळा इंजिनात ओतला. पट्टी पुन्हा पाहिली. तेल दोन खुणांच्या मधे आलं होतं. जीप पहिल्या किल्लीला सुरू झाली.

वाटेत त्याने महाराजांना सगळं सांगितलं. चूक तेलाची नव्हती, माझ्या हाताची होती. तेल कमी पडलं की समोरचा लाल दिवा लागायला हवा, पण तो दोन वर्षांपासून बंद आहे. महागातलं तेल घालतो, दिव्याची काय गरज, म्हणून दुरुस्तच केला नाही.

जीप मंडपाशी थांबली तेव्हा दहाला तीन मिनिटं कमी होती. पंडितनानांनी घड्याळ पाहिलं, प्रेमराजचा तेलाने माखलेला सदरा पाहिला आणि हार घेऊन पुढे आले. महाराजांनी एक पाय खाली टाकला, मग थांबून मागे वळले.

"प्रेमराज, नेहमीचं महागातलं तेल असतं, तर वाटेत किती वेळा थांबला असतास?"

प्रेमराजने स्टिअरिंगवरचे हात काढून जोडले.

"एकदाही नाही, महाराज."