वाढदिवसाचं सूप

पातेल्यात मियोकचं, वाढदिवसाला करतात ते सूप रटरटत होतं. त्या शेवाळाचा समुद्री वास दारापर्यंत पोचला होता, आणि म्योंगसिमला धास्ती होती ती त्याचीच. सासूबाई बूट काढता काढता थबकल्या.

"कुणाचा वाढदिवस आहे?"

म्योंगसिमनं गॅस बारीक केला. फोटोपुढे ठेवायला आणलेल्या नासपती सासूबाईंच्या पिशवीतून डोकावत होत्या. भिंतीवरच्या फोटोत म्योंगसिमची लेक हानसोल होती. स्केट घालून वळणावर झुकलेली, एक हात बर्फाला टेकलेला, गाल थंडीनं लाल.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सरावाला सायकलवरून निघाली होती, मागून ट्रक आला. मेंदू संपलाय, बाकी सगळं चालू आहे, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा अवयवदानाच्या कागदावर सही म्योंगसिमनं केली. "आईबापानं दिलेलं अंग असं कापून वाटतात?" एवढंच सासूबाई बोलल्या होत्या. त्यानंतर या घरात त्यांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

"विचारतेय मी, सूनबाई. पोरीच्या वर्षाला वाढदिवसाचं सूप? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"पाच जणांचा आहे," म्योंगसिम म्हणाली. "ज्यांना आपली हानसोल... ते आजच नव्या जन्माचा वाढदिवस करत असतील, आई. त्यांची नावं सांगत नाहीत, भेटू देत नाहीत. म्हटलं, सूप तरी करू."

सासूबाई फोटोकडे बघत राहिल्या.

हानसोलनं हे सूप कधी खाल्लंच नाही. तिचा वाढदिवस यायचा ऐन शर्यतींच्या दिवसांत. वाटी पुढे केली की ती ओरडायची, "आई, बुळबुळीत आहे ते! बर्फावर घसरून पडू का?" मग आईचा चेहरा बघून म्हणायची, "ठेव ना. शर्यत झाली की खाते." वाटी गार व्हायची. दर वर्षी.

"बर्फावर पळणाऱ्या पोरीला शेवाळ भरवायला निघायचीस," सासूबाई पुटपुटल्या. "तेव्हाही हट्टी, आताही हट्टी."

त्या आत आल्या. म्योंगसिमच्या हातातला डाव त्यांनी काढून घेतला. आता पातेलं ओतून देणार, असं वाटून म्योंगसिमनं तोंड फिरवलं.

मागून फुंकर ऐकू आली. मग घोट.

"खारट केलंयस."

"नेहमीएवढंच मीठ आहे, आई."

"नेहमीएवढंच कसं? आपल्या पोरीची किडनी ज्याला दिलीय, त्याला एवढं मीठ चालेल का गं?"

आणि त्यांनी वाटीभर पाणी पातेल्यात ओतलं.