हळूच टकटक

२००८ ची निवडणूक जवळ आली, तशी अदितीने नुकतेच अमेरिकेचे नागरिक झालेल्या आपल्या बाबांना पक्षाच्या प्रचाराला जुंपलं. "चाळीस दारं आहेत, बाबा. निदान एकाला तरी 'हो' म्हणायला लावा!"

लाजाळू मनोहरराव इतक्या हळू टकटक करत की आत ऐकूच जात नसे. मग दाराला पत्रक अडकवून ते पळ काढत.

कोरी यादी घेऊन ते परतले, तर यादीतला शेवटचा मतदार, शेजारचा बिल, त्यांच्याच दाराला दुसऱ्या पक्षाचं पत्रक अडकवून चोरपावलांनी निघाला होता.

"अहो, टकटक तरी करायची!"

"केली की," बिल ओशाळला. "हळूच."

चहा झाला. एकमेकांना 'नाही' म्हणणं दोघांच्याही जिवावर आलं.



संध्याकाळी दोन्ही पक्षांच्या कार्यालयांत एकेक मत 'नक्की' म्हणून नोंदलं गेलं.