पंख्याची जाळी

उन्हाळा लागल्यापासून मृत्युंजयचा कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडायचा, आणि त्याची घरून करायची नोकरी आता त्या कॉम्प्युटरच्याच जिवावर टांगलेली. साहेबांनी निक्षून सांगितलं होतं, आज मीटिंगमधून गायब झालास तर उद्यापासून येऊ नकोस. बिचाऱ्यानं कॉम्प्युटरला नवे पंखे बसवले, खिडक्यांच्या फटी बुजवल्या, तरी रोज पुसलेली जाळी पुन्हा पांढऱ्या धुळीनं गच्च! आजही ऐन मीटिंगमध्ये स्क्रीन काळी झाली आणि तो टेबलावर डोकं टेकून रडायलाच लागला.



देवघरातून आई धावत आली. "रडू नको की रे बाळा! मशीन बरं होऊ दे म्हणून सकाळ-संध्याकाळ त्याच्या पंख्यावर विभूती फुंकतेय की मी. आता चिमटीनं न्हाय, मूठभरच फुंकते!"