बेलाखालचे आकार

किल्लारीची स्वप्नाली मोबाईलवर बघून झाडं काढायला शिकत होती. आधी गोल, लंबगोल, त्रिकोण असे फिकट आकार मांडायचे आणि मग त्यांच्यावर झाड चढवायचं. शेतातला बेल उद्या शेततळ्यासाठी जेसीबीनं निघणार होता, म्हणून ती सकाळपासून त्याच्याच पुढ्यात बसली होती.

"आप्पा, महादेवाचं झाड हाय. नका ना काढू."

"तळ्याला दुसरी जागाच न्हाई, लेकी. तू कागदावर ठिव की त्याला," म्हणत आप्पा चित्रावर वाकले. "खोड बेस जमलंय. पण हे जमिनीखाली काय काढायलीस?"

"मुळं. दिसत नसली तरी त्यांचे आकार मांडायचे, म्हंजे झाड नीट उभं राहतं." स्वप्नालीला हसू आलं. "खाली मुळांचा रुंद त्रिकोण, त्यावर खोडाचा लंबगोल, वर पानांचा गोल. मांडी घालून बसलेली बाईच झाली बघा!"

"आन् मांडीवर, डाव्या अंगाला, हे बारकं गोल?"

स्वप्नालीनं कागद जवळ ओढून पाहिला. "हे मी न्हाई काढलं, आप्पा."

आप्पांनी चपला काढल्या. जेसीबीवाल्याला फोन लावून "येऊ नको" म्हणाले आणि त्यांनी बेलाच्या बुडाशी मातीवर डोकं टेकलं.



"भूकंपात गेलेल्या माझ्या आईला, तुझ्या आजीला, आपल्या लिंगायत रीतीनं डाव्या हातात इष्टलिंग देऊन असंच बसवून माती दिली होती, लेकी. त्या धांदलीत शेतात कोणत्या जागी दिली, ते आजवर कुणालाच सापडलं न्हवतं."