सेनापतीचं पत्र

"सगळं छान आहे हो, पण सेनापती न केलेला खून स्वतःच्या अंगावर का घेतो, तेच कळलं नाही," निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या.

ग्रंथालयाच्या वाचक मंडळातल्या बाकीच्या एकोणीस माना डोलल्या. लेखकाला वाटलं, चेष्टा चाललीय.

"नकाशे काढणाऱ्या त्या तरुणाला वाचवायला. प्रेम असतं त्याचं त्याच्यावर. ते पत्राचं प्रकरण..."

"कुठलं पत्र?" बाईंनी आपली प्रत पुढे सरकवली. "आणि प्रेम होतं तर लिहायचं की सरळ! आम्ही काय खाणार होतो तुम्हाला?"

हशा पिकला. लेखकाने पानं उलटली. एकशे ब्याऐंशीनंतर एकदम एकशे सत्त्याऐंशी. शेजारच्या प्रतीत तेच. तिसऱ्यातही.

आठ महिने तो हे पुस्तक घेऊन दारोदार फिरला होता. ऐतिहासिक रहस्यकथा म्हटलं की दुकानदार खुर्ची द्यायचे. दोन पुरुषांच्या प्रेमाची आहे म्हटलं की त्यांना नेमके फोन यायचे. शेवटी या ग्रंथालयाने वीस प्रती घेतल्या, आणि त्यांतून पुस्तकाचा जीवच कुणीतरी काढून घेतला होता.

कुणीतरी कसलं? इतक्या सफाईने पान कापणारा हात एकच होता. ग्रंथालयाचा बाइंडर. या प्रतींना कव्हरं त्यानेच घातली होती. गेली पंधरा वर्षं तो आणि लेखक एका घरात राहत होते. परक्यांनी तोंड फिरवलं ते लेखकाने सोसलं होतं. आता घरच्यानेच केसाने गळा कापला होता.

तो तडक मागच्या खोलीत गेला. बाइंडर पुठ्ठ्याला खळ लावत होता.

"वीसच्या वीस प्रती? अरे, ते लोक वाचायला तयार होते! आणि लाज तुला वाटली? आपली?"

बाइंडरने हात पुसले. खणातून कापलेली पानं काढून टेबलावर ठेवली.

"लाज असती तर पंधरा वर्षं राहिलो असतो का? छापून आल्यावरच वाच म्हणालास, म्हणून कव्हरं घालताना वाचलं." त्याने पानांतल्या पत्रावर बोट ठेवलं. "एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाहीस. माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी हे तुला एकट्याला लिहिलं होतं रे."